खलबत्ता ऐकणारं पोर

हज्जा इन्शिराहने बत्ता उचलला की गल्लीतल्या मांजरी पळायच्या आणि बायका पुढे सरकायच्या. बाळ सात दिवसांचं झालं की त्याला रिबिनी लावलेल्या मोठ्या चाळणीत निजवायचं, चाळण जमिनीवर ठेवायची, आईने ती सात वेळा ओलांडायची, आणि मग बाळाच्या कानाशी पितळी खलबत्ता ठणठण वाजवत त्याला सांगायचं, "आईचं ऐक! बापाचं ऐकू नकोस!" बायका हसतात, बाप खोटं खोटं रागावतो, आणि नजर लागू नये म्हणून जिन्यावरून मीठ उधळलं जातं. आमच्या दुमियात शहरात हे घरोघर चालतं. पण आमच्या गल्लीत ठोकण्याचा मान इन्शिराहचा होता, आणि तो तिच्या हातून काढून घेण्याची कोणाची छाती नव्हती.

मी त्या सातवीच्या विधीचं सामान विकते. चाळण्या, मेणबत्त्या, मुलासाठी मातीची झारी, मुलीसाठी मातीचा कुंजा म्हणजे सुरई, पाहुण्यांना वाटायच्या खाऊच्या पिशव्या. गल्लीत बाकी सगळी दुकानं फर्निचरची. दिवसभर करवतीचा आवाज आणि पॉलिशचा वास. दुपारची नमाज उरकली की इन्शिराह माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसायची. तिच्या वजनाने स्टूल कुरकुरायचं. "विदाद, चहा टाक," म्हणायची, आणि साखर स्वतःच घालून घ्यायची, कारण माझ्या हातावर तिचा विश्वास नव्हता. चहा येईपर्यंत गल्लीतल्या निम्म्या लोकांची हजेरी घेऊन झालेली असायची. हज करून आलेली म्हणून हज्जा, तोंडाची फटकळ, पण कोणाच्या घरी बाळंतपण असलं की सगळ्यांच्या आधी पोचून चुलीपाशी उभी. मला ती आवडायची. अजूनही आवडते, हे आधीच सांगून टाकते.

तिचा एक अभिमान होता. ठोकताना ती बाळाकडे वाकून बघायची. आवाजासरशी बाळाचे हात पसरले, अंग दचकलं, की ती मान डोलवायची. बऱ्याच वर्षांपूर्वी एका घरात बाळ दचकलंच नव्हतं. इन्शिराहने पुन्हा ठोकलं, पुन्हा, मग बत्ता खाली ठेवून आईला म्हणाली, "याला कानाच्या डॉक्टरकडे ने." लोक चिडले, शुभकार्यात हे काय अभद्र! पण पोर खरोखरच बहिरं निघालं आणि वेळेवर कळल्यामुळे त्याला यंत्र बसलं. तेव्हापासून गल्लीत कोणाच्या कानाबद्दल शंका आली की आधी इन्शिराहला विचारायचे. तीही म्हणायची, "मी ऐकू येतं म्हटलं ना, की येतं." आणि ते खरंच असायचं.

तिचा मुलगा वगदी नक्षीकाम करतो. खुर्च्यांच्या पाठीवर पानं-फुलं कोरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. बायको राबाब, मन्सूरे शहराकडची, हळू बोलणारी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगा झाला, मुआझ. त्याच्या सातवीला मी सगळ्यात चांगली चाळण दिली. इन्शिराहने पहिला ठोका दिला आणि मुआझ असा दचकला, असा किंचाळला, की चाळण हलली. बाकीची पोरं रडतात आणि दूध मिळालं की विसरतात. हा थांबेचना. सगळे निघून गेले तरी त्याचं रडणं जिन्यात ऐकू येत होतं.

इन्शिराहचा आनंद गगनात मावेना. "मांजराचे कान आहेत माझ्या नातवाला! गल्लीच्या टोकाला पैसा पडला तर घरात बसून सांगेल, कोणाच्या खिशातून पडला ते!"

त्यानंतर मुआझ शांत झाला. फारच शांत. पाळण्यात तासन्‌तास छताच्या पंख्याकडे बघत पडायचा. इन्शिराह दुकानात येऊन कौतुकं सांगायची आणि आम्ही हसायचो, कारण ती सांगायचीच तशी.

"आमच्या सुलतानाचा दरबार ऐक. इतर पोरं उचलून घ्या म्हणून हात वर करतात. हा नाही करत. तुम्हाला उचलायचं असेल तर उचला, माझी हरकत नाही, असा पडून राहतो."

दुसऱ्या दिवशी, "राबाब म्हणते, पाजताना माझ्याकडे बघत नाही, खिडकीकडे बघतो. मी म्हटलं, अगं, तुझ्याकडे काय बघायचं? दूध चांगलं आहे, एवढं पुरे!"

मुआझ चालायला लागला तो वेळेवर, आणि चालायचा टाचा उचलून. त्याचंही कौतुक झालं. त्याला पाणी हवं असलं की तो बोट दाखवायचा नाही. राबाबचं मनगट धरायचा, तिला ओढत नळापाशी न्यायचा आणि तिचा हात नळावर ठेवायचा. तिच्या तोंडाकडे बघायचाही नाही. इन्शिराहने ही गोष्ट सांगितली तेव्हा दुकानात चार बायका होत्या आणि चौघींची हसून पुरेवाट झाली. "पाशा आहे तो, पाशा! पाशा लोक कधी बोट दाखवतात का? नोकराचा हात धरतात आणि काम करून घेतात!"

आणि लाकडं. वगदीच्या कारखान्यातून लाकडी खुंट्या, पट्ट्यांचे तुकडे, टेबलाची छोटी चाकं घरी यायची. मुआझ जिन्याच्या पायरीवर बसून ती एका ओळीत मांडायचा, लहानापासून मोठ्यापर्यंत. मधला एक तुकडा कोणी हलवला तर जमिनीवर डोकं आपटायचा. चाक हाती लागलं की ते फिरवायचं आणि डोळ्यांजवळ नेऊन बघत राहायचं. दुसऱ्या कुठल्या गावात कोणाला तरी हे खटकलं असतं. पण आमच्याकडे ज्याला त्याला त्यात पुढचा उस्ताद दिसायचा. पॉलिशवाले, गादीवाले जिन्यापाशी थांबून म्हणायचे, "माशाल्ला, वगदी, तुझ्यापेक्षा पोरगं सरस निघणार. माप तर बघ त्याचं!" वगदी लाजायचा. मग इन्शिराह त्या सगळ्यांना हाकलून द्यायची, पोराला नजर लागेल म्हणून, आणि वर जाऊन धूप जाळायची. कागदाची बाहुली कापून, कोणाकोणाच्या डोळ्यांचं नाव घेत तिला टाचणीने भोसकायची आणि जाळून टाकायची.

या नजरेच्या भीतीने आमची सगळ्यांची तोंडं बंद असतात. दुसऱ्याच्या लेकराबद्दल चांगलं बोललं तरी पंचाईत आणि वाईट बोललं तर त्याहून मोठी. मुआझ हाक मारली तर बघत नाही हे गल्लीत कोणाला दिसत नव्हतं? पण पहिलं बोलणाऱ्याच्याच नावाने बाहुली जळणार.

बोलली ती राबाब. तोवर मुआझ दीड वर्षाचा झाला होता. त्याआधी तो "बाबा" म्हणायचा, मांजराला "म्याव" म्हणायचा. मग एक एक करून ते शब्द गेले. नवे आले नाहीत आणि जुने राहिले नाहीत. त्या दिवशी मी मेणबत्त्यांचा गठ्ठा देण्यासाठी त्यांच्याकडे गेले होते. स्वयंपाकघरात मुआझ फरशीवर पाठमोरा बसून चाक फिरवत होता. इन्शिराह भेंडी निवडत होती.

"यम्मा, याला मन्सूरेला डॉक्टरकडे दाखवू या," राबाब म्हणाली.

"काय झालंय त्याला? ताप आहे?"

"ताप नाही. हाक मारली तर बघत नाही."

"खेळण्यात असेल. वगदी तरी कुठे बघायचा? अजून बघत नाही, तू रोज ओरडतेसच की."

राबाबने वाद घातला नाही. ती मुआझच्या मागे जाऊन उभी राहिली आणि हाक मारली, "मुआझ." पुन्हा मारली. लाडाने, मग जोरात, मग पुन्हा लाडाने. पोरगं चाक फिरवत राहिलं. मला तिथून निघून जावंसं वाटायला लागलं.

इन्शिराहने भेंडीचं ताट बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकत उठली, फळीवरून खलबत्ता काढला आणि एक ठोका दिला. मुआझने दोन्ही कान झाकून घेतले आणि अंगाचं मुटकुळं करून किंचाळायला लागला.

"झालं?" इन्शिराह म्हणाली. "कान ठणठणीत आहेत. सातवीलाच मी सांगितलं होतं. ज्याला ऐकू येतं त्याला डॉक्टरकडे कशाला न्यायचं? डॉक्टर काय, हट्टाचं औषध देणार आहे? मुलग्यांना बोलायला उशीर होतो. आणि एकदा का नाव पडलं ना गल्लीत, की वगदीचं पोर वेडं आहे, मग ते नाव कोण पुसणार? तू?"

राबाबने मुआझला उचललं. तो तिच्या खांद्यावरून खिडकीकडे बघत किंचाळतच होता.

"यम्मा, तो खलबत्ता ऐकतो," ती म्हणाली. "मला नाही ऐकत."

"मग त्याला दोष दे! मी तर सांगितलंच होतं त्याला, आईचं ऐक म्हणून!" इन्शिराह हसली. मला डोळा मारला. राबाब हसली नाही. तिने वगदीकडे पुन्हा विषय काढला असेल. पण वगदी आईच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता आणि कानांच्या बाबतीत तर तिचा शब्द गल्लीतही शेवटचा. विषय तिथे संपला. खलबत्ता पुन्हा फळीवर गेला.

मुआझ चार वर्षांचा झाला तेव्हा त्याला बालवाडीत घातलं. तिथल्या बाईंनी त्याला परत पाठवलं. वर्गात घंटा वाजली की तो टेबलाखाली जाऊन डोकं आपटतो, कोणाशी खेळत नाही, एक शब्द बोलत नाही. डॉक्टरला दाखवल्याशिवाय आणू नका, असं त्या बाईंनी सरळ सांगितलं. इन्शिराहने बालवाडीच्या दारात उभं राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण मन्सूरेला जायची गाडी ठरवली ती तिनेच. बरोबर मीही गेले, कारण राबाब म्हणाली, "खाला, तुम्ही या. मला तिथे रडू येईल आणि यम्मा बोलत बसेल."

डॉक्टर तरुण होती. डोक्यावर फिकट निळा रुमाल, पायात कापडी बूट. तिने मुआझला काही केलं नाही. तो खोलीच्या कोपऱ्यात ठोकळे मांडत बसला आणि ती बघत बसली. मग तिने विचारायला सुरुवात केली. राबाबला रडू आवरेना. म्हणून उत्तरं इन्शिराहने दिली.

"लहान असताना, उचलून घ्या म्हणून हात वर करायचा का?"

"नाही," इन्शिराह म्हणाली. "पडून राहायचा. सुलतानासारखा."

"दूध पिताना आईच्या तोंडाकडे बघायचा?"

"खिडकीकडे बघायचा."

"काही आवडलं तर तुम्हाला दाखवायला बोट करायचा? विमान, मांजर, काहीही?"

"बोट नाही करायचा. हात धरून न्यायचा. नळापाशी न्यायचा आणि हात नळावर..." इथे ती थांबली. मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत होता. माझ्या दुकानात सांगितलेली एक एक गोष्ट ती इथे पुन्हा सांगत होती, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत, आणि इथे कोणी हसत नव्हतं.

"काही शब्द आले आणि गेले, असं झालं का?"

"बाबा म्हणायचा. मांजराला म्याव म्हणायचा. मग गेले."

"आणि हाक मारली की बघायचा? वर्षाचा असताना, दीड वर्षाचा असताना?"

इन्शिराहने राबाबकडे बघितलं. राबाब जमिनीकडे बघत होती.

"नाही," इन्शिराह म्हणाली. "पण कान चांगले होते, डॉक्टरबाई. मी स्वतः बघितलं होतं. खलबत्ता वाजवला की दचकायचा."

"कान चांगलेच आहेत त्याचे," डॉक्टर म्हणाली. "आवाज त्याला इतरांपेक्षा जास्तच टोचतो. कानांचा प्रश्न नव्हताच, हज्जा. माणसाच्या हाकेकडे वळायचं असतं, हे त्याला आपसूक येत नाही, ते शिकवावं लागतं." मग तिने आम्हाला स्वमग्नता म्हणजे काय ते सांगितलं. ती म्हणाली की हे कोणाच्या चुकीने होत नाही, नजरेने नाही, आईच्या दुधाने नाही, खलबत्त्याच्या आवाजानेही नाही. ती फार नीट बोलत होती. शेवटी राबाबने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"तेव्हा आलो असतो तर? दीड वर्षाचा होता तेव्हा?"

डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. खोटं बोलायचं की नाही हे ठरवत असावी. "तर शिकवायला तेव्हाच लागलो असतो," ती म्हणाली. "लहान वयात लवकर रुजतं. किती फरक पडला असता हे मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. पण आता आलात ना? आता लागू या."

परतीच्या वाटेवर गाडीत इन्शिराह खिडकीबाहेर बघत बसली. ड्रायव्हरने भलत्या वाटेने गाडी घातली तरी त्याला टोकलं नाही, तेव्हाच मी ओळखलं की ही आतून मोडली आहे.

पुढचं वर्षभर मी तिला जमिनीवर बसलेली बघत होते. त्या गुडघ्यांना खाली बसणं म्हणजे शिक्षाच. मन्सूरेहून शिकून यायची आणि घरी तेच करायची. मुआझच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. चाक आपल्या गालापाशी धरायचं. नाव घ्यायचं, हळू, एकदाच, आणि थांबायचं. तिला कधी थांबायची सवय नव्हती. पण थांबायची. मुआझने एखाद्या दिवशी क्षणभर तिच्याकडे बघितलं की ती मला खिडकीतून ओरडून सांगायची. मग तिला आठवायचं की हेच तेव्हा सुरू करता आलं असतं, आणि खिडकी लावून घ्यायची.

दुकानात येणं कमी झालं. आली तरी कोणाची हजेरी घ्यायची नाही. एकदा म्हणाली, "विदाद, मला काही दिसलं नव्हतं असं नाही ना गं. मला सगळं दिसत होतं. दुसऱ्या कोणाला दिसलं नसेल एवढं दिसत होतं. मी ते सगळं चहाबरोबर तुला वाढलं." चहात साखर मी घातली आणि तिने तो मुकाट्याने प्यायला.

ठोकायला जाणं मात्र तिने सोडलं नाही, फक्त त्यात भर घातली. ठोके देऊन झाले की ती बाळाच्या आईकडे वळून सांगायची, "दचकला, म्हणजे कान आहेत. एवढ्याने निश्चिंत होऊ नकोस. तो तुझ्याकडे बघून हसतो का, ते बघ. वर्षाचा झाला की मागून नाव घेऊन बघ. बोट दाखवतो का बघ. आलेले शब्द गेले तर धावत जा. सासू नको म्हणाली तरी जा." बायका चपापायच्या. शुभकार्यात असलं बोलणं! एका घरात बाळाच्या आजीने तिच्या हातातून बत्ता काढून घेतला आणि म्हणाली, "तुमच्या घरचं दुखणं आमच्या घरात आणू नका." इन्शिराह भांडली नाही. हळूहळू तिला बोलावणी येईनाशी झाली. आता आमच्या गल्लीत ठोकायला पलीकडच्या आळीतली कोणी येते, भराभरा ठोकते आणि पैसे घेऊन जाते.

गेल्या हिवाळ्यात राबाबला मुलगी झाली, हना. सातवीला घरचीच माणसं होती. मुआझला आवाजाचा त्रास नको म्हणून वगदी त्याला कारखान्यात घेऊन गेला होता. मी कुंजा सजवून आणला, मेणबत्त्या लावल्या, हनाला चाळणीत निजवलं. राबाबने चाळण ओलांडली. मग फळीवरून खलबत्ता काढून तिने सासूच्या पुढे ठेवला.

"ठोका, यम्मा."

इन्शिराहने बत्ता उचलला नाही. "वगदीला फोन कर," ती मला म्हणाली. "म्हणावं, पोराला घेऊन ये. आवाज होणार नाही. त्याच्या बहिणीची सातवी आहे, त्याने कारखान्यात का बसायचं?"

ते आले. मुआझ आत आला, मेणबत्त्यांपाशी बसला आणि पेटत्या सोडून बाकीच्या ओळीने मांडायला लागला. बहिणीकडे त्याने बघितलं नाही. इन्शिराह हातांवर भार देत चाळणीपाशी खाली बसली. वाकून, नेहमीच्या सांगण्याच्या आवाजात, पण खलबत्त्याशिवाय म्हणाली, "आईचं ऐक."

पुढचं वाक्य ती म्हणेल, बापाचं ऐकू नकोस, आणि आपण हसायचं, म्हणून आम्ही थांबलो होतो. वगदी तर रागावण्याच्या तयारीत होता. पण ती तिथेच अडली.

"गल्लीभरच्या पोरांना हे सांगत आले मी," ती म्हणाली. "त्यांना काय कळत होतं? सात दिवसांची पोरं. ऐकायला हवं होतं ते मी." तिने राबाबकडे वर बघितलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. "आता तू बोल, राबाब. या पोरीचं तू म्हणशील ते. तू बोलशील तेव्हा मी ऐकेन."

राबाबने वाकून हनाला चाळणीतून उचललं, छातीशी धरलं. ती मुआझने मांडलेल्या मेणबत्त्यांकडे बघत होती. ती रागावलेली नव्हती. राग असता तर बरं झालं असतं.

"मी तेव्हाही बोललेच होते, यम्मा," ती म्हणाली.